परदेशी शिकलेला माणूस परत आला, तर त्याला काम काय?



वार्षिक सभा संपली होती आणि मांडवात चहा चालला होता. आम्ही काही जण एका बाजूला उभे होतो. तेवढ्यात एक जुने सभासद जवळ आले आणि म्हणाले, "एक विचारू का? नातू जर्मनीला शिकतोय. यंत्राचं शिक्षण हाय. दोन एकर बँकेला लावून धाडलाय त्याला. आता म्हणतो, आजोबा, मी माघारी येतो. मी त्याला काय सांगू? येऊन हितं काट्यावर बसणार का त्यो?"

आजूबाजूची मंडळी हसली. ते स्वतः मात्र हसले नाहीत.

त्यांचा प्रश्न आम्ही बरेच दिवस मनात घोळवला. पूर्वी तालुक्यातून एखादा मुलगा विलायतेस गेला तर त्याचा फोटो वर्तमानपत्रात येई. आज आपल्या कार्यक्षेत्रातील अनेक घरांतील मुले-मुली परदेशी शिकत आहेत वा नोकरीस आहेत. त्यांच्या शिक्षणाला जो पैसा लागला तो बहुतेक उसाचाच आहे. म्हणजे एका अर्थाने ही आपण केलेली लागणच आहे. तिचे पीक आपल्या शिवारात येणार की नाही, हा प्रश्न एका आजोबांचा नसून आपल्या सर्वांचा आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. बाहेर शिकून परत आलेल्या माणसांमुळे देशातील धंद्यात नवे काही घडते का, घडते तर कसे, आणि कधी घडत नाही, हे आपण काही खऱ्या उदाहरणांवरून पाहू.

तो बरोबर काय आणतो?

आपल्याकडे पुष्कळांचा असा समज आहे की परदेशी जाऊन आलेला माणूस म्हणजे परदेशी यंत्राची माहिती घेऊन आलेला माणूस. पण यंत्राची माहिती छापील पुस्तकातही मिळते, आणि पैसे मोजले की यंत्रही बोटीने येते. मग माणसाची गरज काय?

आपल्या कारखान्यातलेच उदाहरण घ्या. पॅनवर साखर शिजते तेव्हा उष्णता आणि निर्वात किती, हे दाखवणारे काटे समोर असतातच. तरीही जाणता पॅनमन मधूनच नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर घेतो, उजेडात धरतो आणि सांगतो, "आता दाणा धरला." हे त्याला कोणत्या पुस्तकातून आले? कोणत्याच नाही. दुसऱ्या जाणत्या पॅनमनशेजारी चार हंगाम उभे राहून ते आले. धंद्यातले पुष्कळसे ज्ञान असे हाताडोळ्यांत असते. ते कागदावर उतरत नाही. ते माणसाबरोबरच प्रवास करते आणि माणसाबरोबरच परत येते.

याखेरीज तो आणखी तीन गोष्टी आणतो. पहिली म्हणजे मोजमापाची सवय. "यंदा बरं पिकलं" एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. किती, कशामुळे, आणि शेजारच्या तुकड्यापेक्षा किती जास्त, असे तो विचारतो. दुसरी गोष्ट म्हणजे ओळखी. अडचण आली तर जगात कोणाला विचारावे हे त्याला ठाऊक असते. तिसरी गोष्ट थोडी टोचणारी आहे, ती म्हणजे प्रश्न. जी गोष्ट आपण "हे असंच असतं" म्हणून वर्षानुवर्षे सोडून दिलेली असते, तिच्याकडे बोट दाखवून तो विचारतो, "असंच का?" दुसरीकडे वेगळे असू शकते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट त्याच्याजवळ नसते. ती कोणती, ते पुढील उदाहरणांत दिसेल.

पहिले उदाहरण आपल्याच घरातले

सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे, पण तो या बाजूने आपण क्वचितच पाहतो. कै. धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजला शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ. तेथे त्यांनी अभ्यास केला तो आपल्याच देशातील उद्योगधंद्यांच्या वाढीचा, आणि तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. विषय इथला, पण अभ्यासाची शिस्त तिकडची. पुढे १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाण्याने शेतकऱ्याचा नेमका काय लाभ झाला, याची त्यांनी पाहणी करविली. तिचा अहवाल १९४८ साली बाहेर आला. कालव्याच्या पाण्याचा हिशेब असा आकड्यांत मांडणे हेच त्या काळी नवे होते.

पण गाडगीळांचा अहवाल वाचून लोणीच्या शेतकऱ्याने भागभांडवलाचे पैसे काढून दिले असते का? नाव काढू नका. तेथे दुसरा माणूस उभा होता. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण बेताचे, पण गावोगावच्या माणसांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. कोणाच्या घरात किती दम आहे, कोण शब्द पाळील, कोणाला कसे समजवावे, हे त्यांना ठाऊक होते. एकाकडे हिशेब होता, दुसऱ्याकडे विश्वास. कै. वैकुंठभाई मेहता यांचे सरकारातून पाठबळ मिळाले. १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि सुरुवातीची वर्षे गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक, ही नवी रचना त्यातून चालती झाली. आज आपण ज्या संस्थेचे भागधारक म्हणून हे पत्रक वाचत आहोत, ती त्याच वाटेने आलेली आहे.

एका बैलाने नांगर ओढला जात नाही. बाहेरचे ज्ञान आणि गावचा विश्वास ही जोडी एका जुवाखाली आली, तेव्हा काम झाले. बाहेरून येणाऱ्याजवळ जे नसते ते हेच, म्हणजे इथल्या मातीची आणि माणसांची जाण.

आणंदचे दूध

दुसरे उदाहरण गुजरातेतील आणंदचे. तेथील दूध उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाला. १९४९ साली तेथे वर्गीस कुरियन हे तरुण इंजिनियर आले. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील मिशिगन येथे शिकून ते परतले होते, आणि सरकारने त्यांना आणंदच्या सरकारी दूध केंद्रावर नेमले म्हणून ते आले. गावात त्यांचे मन रमत नव्हते. सुटका झाली की जायचे, असेच त्यांनी ठरविले होते. त्रिभुवनदासांनी त्यांना थांबवून घेतले, ते कायमचे. शेतकऱ्यांचा पुढारी आणि शिकून आलेला इंजिनियर, पुन्हा तीच जोडी.

संघापुढे एक अडचण होती. ती आपल्याला पटकन समजेल, कारण ती आपल्या जादा उसाच्या अडचणीसारखीच आहे. म्हशी हिवाळ्यात जास्त दूध देतात. मुंबईची दूध योजना ठराविक दूध घेई, मग उरलेल्याचे करायचे काय? उपाय एकच, दुधाची भुकटी करून ठेवणे. पण तोवर जगात भुकटी होत होती ती गाईच्या दुधाची. म्हशीच्या दुधाची भुकटी होणे शक्य नाही, असे पाश्चात्य देशांतील तज्ज्ञांचे मत होते.

येथे कुरियन यांचे मित्र एच. एम. दलाया यांचे नाव घेतले पाहिजे. तेही मिशिगनलाच दुग्धशास्त्र शिकून आले होते. त्यांनी तज्ज्ञांचे मत जसेच्या तसे मान्य केले नाही. आधी लहान प्रमाणावर प्रयोग करून त्यांनी भुकटी होते हे दाखवले. नंतर १९५५ साली आणंदला मोठा कारखाना उभा राहिला आणि म्हशीच्या दुधाची भुकटी तेथे प्रथमच व्यापारी प्रमाणावर निघू लागली.

यात एक बारकावा आहे. दलाया जे तिकडे शिकले तेच येथे करत बसले असते, तर भुकटी झाली नसती, कारण तिकडच्या पुस्तकात म्हैस नव्हतीच. तिकडची विद्या त्यांनी इकडच्या गोठ्याला लावली. धंद्यात नवे घडणे म्हणतात ते हेच. तिकडचे जसेच्या तसे उचलून आणणे ही नुसती आयात झाली.

आपल्या उसाच्या कांडीतले शास्त्र

आपण लावतो त्या वाणांच्या नावात 'को' हे अक्षर येते, ते कोइमतूरचे. तेथील ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झाले. जाड, गोड ऊस आणि काटक, रानटी काशा यांचा संकर करून तेथे नवे वाण निघाले. डॉ. बार्बर आणि सर टी. एस. वेंकटरामन यांनी हे काम उभे केले. काशाने रोगाशी झुंजण्याचा आणि तग धरण्याचा गुण दिला, गोडी जाड उसाने दिली.

या केंद्रात १९३४ साली डॉ. जानकी अम्मल या विदुषी रुजू झाल्या. केरळातील तेलिचेरीच्या. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती, तीही १९३१ साली, जेव्हा आपल्याकडे मुलींना हायस्कुलात पाठवितानाही लोक दहादा विचार करीत. वनस्पतीच्या पेशीत सूक्ष्म गुणसूत्रे असतात, त्यांवरून वाणाचे गुण पुढच्या पिढीत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ही गुणसूत्रे मोजून कोणाचे कोणाशी जमेल हे पाहण्याचे शास्त्र त्या शिकून आल्या होत्या. कोइमतूरला त्यांनी काशा आणि ऊस यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, आणि उसाचा मक्याशीही संकर करून पाहिला.

येथेही जोडीच दिसते. संकर करणारे हात आणि शेते केंद्रात आधीपासून होती. तो संकर का जमतो वा का फसतो, हे पाहणारे डोळे बाहेर शिकून आलेल्या बाईंनी आणले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे नावारूपास आल्या. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या पुन्हा परतल्या, ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नीट बसविण्यासाठी. म्हणजे परत येणे हे एकदाच घडते असेही नाही. माणूस जातो, येतो, पुन्हा जातो. बोलावणारा आणि काम देणारा असला की येतो.

तैवानने काय केले?

आता थोडे दूर जाऊ. तैवान हे बेट आपल्या धंद्यातले जुने नाव. १९५० नंतरच्या दशकात त्या देशाची सर्वांत मोठी निर्यात साखरेची होती. आज तेच बेट संगणकाच्या आणि मोबाईलच्या चिपांसाठी जगात पहिल्या रांगेत आहे. उसाच्या देशात हे कसे घडले?

त्यांची हुशार मुले अमेरिकेस जात आणि तिकडेच राहत, हे दुखणे त्यांनाही होते. त्यांनी रडत न बसता तीन गोष्टी केल्या. १९७३ साली सरकारने उद्योगांसाठी एक मोठी संशोधन संस्था काढली. १९७६ पासून या संस्थेने आपल्या तरुण इंजिनियरांच्या तुकड्या अमेरिकन कंपनीत चिप बनविणे शिकण्यास पाठविल्या, आणि ते परत आले तेव्हा त्यांच्यासाठी प्रायोगिक कारखाना तयार ठेवला. हे महत्त्वाचे. शिकून आलेल्या मुलाला "बसा, बघू" असे त्यांनी म्हटले नाही. १९८० साली शिंचू या गावी विज्ञान वसाहत काढली. परतणाऱ्यांच्या मुलांना चिनी भाषा नीट येत नसे, म्हणून तेथे त्यांच्यासाठी दोन भाषांत शिकविणाऱ्या शाळेचीही सोय केली. माणूस एकटा परतत नाही, त्याचे घर परतते, हे त्यांनी ओळखले.

१९८५ साली मॉरिस चँग या अनुभवी इंजिनियरास त्यांनी अमेरिकेहून बोलावून त्या संशोधन संस्थेचे प्रमुख केले. चँग यांचा जन्म चीनमधला आणि उमेदीची वर्षे अमेरिकेत गेलेली, तेव्हा तैवान हे काही त्यांचे गाव नव्हे. तरीही जागा आणि अधिकार मिळाला म्हणून ते आले. १९८७ साली त्यांनी एक कंपनी काढली. तिचा विचार साधा होता. चिपांचा आराखडा दुसऱ्यांनी करावा, आम्ही फक्त त्यांना चिपा बनवून देऊ. जणू गुऱ्हाळ आमचे, ऊस तुमचा. असे फक्त बनवून देण्यावर चालणारे गुऱ्हाळ त्या धंद्यात तोवर कोणी काढले नव्हते. आज जगातील सर्वांत बारीक कामाच्या चिपा त्या कंपनीत होतात.

जेथे जोडी जमली नाही

सगळे गोडच सांगितले तर ते खरे होणार नाही. हरगोविंद खुराना हे सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, १९४८ साली डॉक्टरेट घेतली, स्वित्झर्लंडला काम केले आणि १९४९ साली मायदेशी परतले. त्यांना येथे योग्य असे काम मिळाले नाही. १९५० साली ते पुन्हा केंब्रिजला गेले, तेथून कॅनडा, मग अमेरिका. १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण तेव्हा "आपला माणूस" म्हणून अभिमानाने पेढे वाटले, पण तो माणूस आपल्या दारात येऊन उभा होता हे कोणी फारसे बोलत नाही.

दुसरी बाजूही आहे. कधी कधी परतलेला माणूसच चुकतो. ऊस तोडणी यंत्राचेच पाहा. ऑस्ट्रेलियात ते लांबच लांब शेतात सरळ चालते. ते पाहून आलेला तरुण म्हणणार, "घेऊन टाका, मजुरांचा प्रश्नच मिटला." आपला शेतकरी म्हणणार, "बाबा रे, माझं पाऊण एकर. तीन फुटी सरी. बांधाला ते वळवायचं कुठं?" दोघेही खरे बोलतात, पण एकमेकांचे ऐकत नाहीत तोवर यंत्र शेडमध्ये गंजते. ऐकले तर वाट निघते. सरी रुंद ठेवायची, शेजारच्या चार जणांनी एकाच दिशेने लागण करायची, कडेला वळणापुरती जागा मोकळी ठेवायची. हे उत्तर ऑस्ट्रेलियात सापडणार नाही आणि नुसते बांधावर बसूनही सापडणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की परदेशी शिकलेल्याला देव करू नये आणि "चार बुकं शिकून आलाय मोठा" म्हणून हिणवूही नये. आणि येथेच शिकलेल्या माणसांना कमी लेखण्याचे तर काहीच कारण नाही. पाडेगावच्या केंद्राने आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आपल्या उसासाठी केलेले काम डोळ्यांसमोर आहे. परतलेला माणूस त्यांच्या जोडीला हवा, त्यांच्या जागी नको.

आपण काय करू शकतो?

तैवानइतका पैसा आपल्याजवळ नाही. पण आपल्या आवाक्यातल्या काही गोष्टी आहेत. त्या आम्ही सभासदांपुढे विचारासाठी ठेवतो.

एक. परतणाऱ्या वा सुटीवर आलेल्या मुलामुलींना गळीत हंगामात कारखाना दाखवावा. सत्काराची शाल नको. गव्हाणीपासून गोदामापर्यंत फिरवावे आणि कामगारांशी बोलू द्यावे.

दोन. त्यांना पद देण्याआधी एक नेमका प्रश्न द्यावा. तोडलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत किती तास जातात आणि त्यात वजन व उतारा किती घटतो? क्षारपड झालेल्या जमिनीतील पाण्याचा निचरा कमी खर्चात कसा होईल? खोडव्याचे उत्पन्न का घसरते? प्रश्न नेमका असेल तर शिक्षणाला काम मिळते.

तीन. प्रत्येकाला एक जोडीदार द्यावा. शेतकी खात्यातला जुना माणूस, एखादा चिटबॉय, पॅनमन, फिटर किंवा प्रयोगशील शेतकरी. दोघांनी मिळून काम करावे आणि वही दोघांनी मिळून लिहावी.

चार. प्रयोग लहान करावा. दहा गुंठ्यांत फसला तर शहाणपण येते, दहा एकरांत फसला तर कर्ज येते. फसलेल्या प्रयोगाचीही नोंद छापावी, म्हणजे पुढचा तीच चूक करणार नाही.

पाच. जो परत येणार नाही त्यालाही तोडू नये. तो फोनवरून सल्ला देऊ शकतो, इथल्या एखाद्या मुलाला तिकडे सहा महिने शिकायला जागा मिळवून देऊ शकतो.

आता त्या आजोबांना उत्तर. आजोबा, नातवाला काट्यावर बसवायचे नाही. तो यंत्राचे शिक्षण घेतो आहे ना? मग त्याला सांगा की आमच्या कारखान्यात एक टन ऊस गाळायला वाफ किती लागते आणि ती कोठे कोठे वाया जाते, हे एक हंगामभर बॉयलरवाल्यांबरोबर उभा राहून मोजून दे. वाफ वाचली तर बगॅस वाचतो, बगॅस वाचला तर त्यातून वीज होते वा तो विकता येतो, आणि तो पैसा शेवटी उसाच्या दरात उतरू शकतो. हे काम कमी प्रतीचे नाही. त्यात त्याची विद्याही लागेल आणि आमच्या फायरमनचा अनुभवही लागेल.

तो एक हंगाम राहील की दहा, हे त्याचे त्याने ठरवावे. तो आला तर त्याच्या हाती काम आणि शेजारी जोडीदार देणे, हे मात्र संस्था म्हणून आपल्याकडे आहे. दोन एकर गहाण ठेवून शिकवलेला मुलगा दारातून माघारी गेला, तर त्याचा दोष सगळा त्याच्या माथी मारता येणार नाही.

ज्या सभासदांची मुले-मुली परदेशी शिकत वा काम करीत आहेत, त्यांनी त्यांचे नाव, शिक्षण व कामाचा विषय आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात जरूर नोंदवावा. पुढील हंगामापूर्वी त्यांच्यासाठी प्रश्नांची यादी करण्याचा विषय संचालक मंडळापुढे ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

आपले,
संपादक मंडळ